डावा कौल

११ फेब्रुवारी, रविवार

सरकारी शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या बाईला दर वर्षी ‘शिक्षक दैनंदिनी’ कशासाठी देतात, हे मला अठ्ठावीस वर्षांत उमगलेलं नाही. तीत पाठाचं नियोजन लिहायचं असतं. माझं नियोजन एका शब्दात संपतं, पळा. बाकी पानं कोरी राहतात आणि वर्षाअखेरी रद्दीवाला नेतो. यंदा ती घरच्या कामी लावायचं ठरवलं आहे, कारण घरात विषयच असा निघाला आहे की डोक्यात मावत नाही.

विषय शिखाचा. शिखा माझ्या धाकट्या भावाची, हेमेंद्रची मुलगी. तीन वर्षांची असताना तिची आई तापात गेली. हेमेंद्र फौजेत, आज इथं तर उद्या तिथं, म्हणून पोर माझ्याकडे ग्वाल्हेरात किला गेटच्या घरी आली ती आलीच. आता चौदाची आहे, आठवीत. मी लग्न केलं नाही. लोक विचारतात, लीलाताई, मुलंबाळं किती? मी म्हणते एकच, पण चौघांचं डोकं घेऊन आलं आहे.

आज तिचे गणिताचे सर, गुरुप्रसाद, जयेंद्रगंजहून स्कूटरवर आले. तासभर बसले, दोन चहा झाले, इकडचं तिकडचं बोलले, आणि खरं काम सांगितलं ते चपला घालताना. म्हणाले, “लीलाताई, मला जेवढं येत होतं तेवढं मी तिला सातवीतच देऊन बसलोय. आता मी तिला शिकवत नाही, नुसतं अडवून ठेवलंय.”

मी स्टाफरूममध्ये आयुष्य काढलं. मास्तरच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. मी त्यांना आणखी एक लाडू दिला. त्यांचं म्हणणं, तिला निवासी शाळेत पाठवा, तिथं तिच्या जोडीची मुलं भेटतील. तीन शाळांची माहितीपुस्तकं ठेवून गेले. असा माणूस पोरीला भेटला, हे आमचं नशीब.

गंमत बघा, वर किल्ल्यावर देशभरातली मुलं शिकायला येऊन राहतात. पण ती शाळा मुलग्यांची. आमची पोर खाली गेटपाशी राहते आणि तिला शाळेसाठी देश हिंडायचा आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर गल्लीतल्या सगळ्यांनी सल्ला दिला. सगळ्यांचा एकच, कोटा. दूधवाल्याचाही तोच. शेजारच्या सुमनताई म्हणाल्या, पोरीची जात, लांब ठेवायची म्हणजे जिवाला घोर. मी म्हटलं घोर तर जवळ ठेवूनही आहे.

पुस्तकं मी आणि शिखानं मिळून पाहिली. पहिली शाळा डोंगरातली, झुळझुळीत कागद, घोडेच घोडे. मी भाळले. आमचे पूर्वज घोड्यावर बसूनच इकडे आले, रक्तच तसलं. शिखानं पानं मोजली. घोड्यांना चौदा पानं, गणिताला अर्धं. ती बाद.

दुसरीत नुसते पासपोर्ट फोटो आणि त्याखाली रँक. मी मैदान शोधलं, नव्हतं. मैदान नाही ती शाळा नव्हे, गोदाम. ती मी बाद केली.

तिसरं पुस्तक आठ पानांचं, छपाई फिकट. पुण्याच्या पुढं भोरकडे डोंगरात कुठली शाळा. शेवटच्या पानावर पाच गणितं आणि खाली ओळ: ‘सुटली नाहीत तरी पाठवा. कुठं अडलात ते लिहा.’ ही बया ते पान घेऊन गच्चीवर गेली ती जेवायला खाली येईना. तीन हाका मारल्या, मग शिटी वाजवली. शिटीला मात्र ती अजून घाबरते.

१९ मार्च, मंगळवार

भोरची शाळा पाहून काल रात्री परतलो. पाय सुजलेत, पण लिहिलंच पाहिजे.

शिखाची लेखी परीक्षा चालू होती तेवढ्यात मी शाळेची तपासणी करून घेतली. आधी संडास पाहिले, मग स्वयंपाकघर, मग मुलींच्या वसतिगृहाच्या दारांच्या कड्या. मैदानाला तीन चकरा मारल्या. माती चांगली, खडे वेचलेले. वॉर्डनबाईंनी विचारलं, तुम्ही शिक्षणखात्यातून आलात का. मी म्हटलं, नाही, मी आत्या आहे.

माझं मराठी ऐकून त्या गालात हसत होत्या. आम्हाला वाटतं आम्ही आपल्या मुलखात आलो, आणि मुलूख आम्हाला विचारतो, तुम्ही हिंदीवाले का. सात पिढ्या ग्वाल्हेरात काढल्यावर दुसरं काय होणार. शिखा तर अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत उतरते. पण तिथं कुणी नाक मुरडलं नाही, हे सांगायला हवं.

मुलाखत घेणार होत्या सीमंतिनीबाई, तिथल्या गणिताच्या शिक्षिका. किडकिडीत, सुती साडी, पायात मळकी चप्पल. वीस मिनिटांची मुलाखत. दोघी खोलीतून बाहेर आल्या आणि भोजनगृहाच्या पायऱ्यांवर बसल्या, त्या दोन तास उठल्याच नाहीत. जेवणाची घंटा झाली, मुलं जेवून गेली, ताटं घासून झाली. मी मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होते. शिखा बोलताना एवढे हात हलवते हे मला माहीतच नव्हतं. घरी ती मान खाली घालून बोलते. मला वाटायचं स्वभाव असेल.

येताना गाडीत ती मला सांगत होती, सांगत होती, आणि मला अक्षर कळत नव्हतं. मी हो हो म्हणत राहिले. कुणाला एवढं आनंदात पाहायला मिळालं, तेवढ्यानंच माझी पायपीट वसूल झाली.

४ एप्रिल, गुरुवार

निवड झाली. देशभरातून अकरा मुली, त्यात आमची एक. शिष्यवृत्ती मिळाली, खर्चाचा प्रश्न मिटला. तीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. गुरुप्रसाद सरांना लगेच फोन केला. सुमनताईंनी पेढे आणले, कोट्याचा सल्ला विसरून. किती माणसांचे हात लागले या पोरीला.

शिखा आंघोळीला गेली तेव्हा हेमेंद्रचा फोन लागला. ईशान्येला कुठल्या टेकडीवर आहे, दहा दिवसांतून एकदा रेंज येते. तो आधी खूप हसला आणि मग म्हणाला, ताई, तुझं काय? मी खोटं कशाला बोलू. म्हटलं, “पोर गेली की घर खायला उठेल रे मला. अकरा वर्षांत एक रात्र मी या घरात एकटी झोपलेली नाही.” मग लगेच म्हटलं, पण ते सोड, तिचं भलं होतंय ना.

फोन ठेवते तर शिखा मागं उभी. टॉवेल खांद्यावर, केस कोरडे. म्हणाली, साबण विसरले. साबण आतच होता. हुशार माणसं अशीच विसरभोळी असतात.

हेमेंद्रनं एक आठवण करून दिली. आमच्या घराण्यात कौल घेतल्याशिवाय कुणी घराबाहेर पडलेलं नाही. पणजोबा, आजोबा, बाबा, हेमेंद्र, सगळे पलटणीत गेले ते भवानीला विचारून. देवघरातल्या मूर्तीला न्हाऊ घालायचं, ओल्या दगडाला दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारून बसायचं. देवीच्या उजव्या खांद्याची आधी गळली तर उजवा कौल, म्हणजे जा. डावी आधी गळली तर डावा, म्हणजे नको. मोहिमेवरच्या माणसाला उजवाच येत आला आहे. डावा मला माहीत आहे तो एकच, माझा.

एकोणीस वर्षांची होते. पतियाळाला कोच होण्याच्या कोर्ससाठी निवड झाली होती, आमच्या भागातली पहिलीच मुलगी. बाबांनी कौल लावला. त्या दिवशी त्यांनी देवघरात कुणालाच येऊ दिलं नाही. दार लोटून बसले आणि थोड्या वेळानं आतून आवाज दिला, डावा. मी ट्रंक उघडून कपडे परत कपाटात लावले. नंतर आईचं दुखणं निघालं, हेमेंद्र लहान होता, तेव्हा देवीचं बरोबरच होतं म्हणायचं. देवी उगाच नको म्हणत नाही.

चैत्रातल्या अष्टमीला शिखाचा कौल लावायचा ठरलं. घरातल्या मुलीचा हा दुसरा.

१२ एप्रिल, शुक्रवार

शिखाचं काय चाललंय कळत नाही. शाळेचं नाव काढलं की विषय बदलते. सीमंतिनीबाईंचं पाकीट आलंय, ते फोडलंसुद्धा नाही. आणि चार दिवस स्वयंपाकघरात पसारा. वरवंटा ओला करायचा, त्याला पाकळ्या चिकटवायच्या, एका बाजूला मेणबत्ती ठेवायची आणि माझं स्टॉपवॉच घेऊन बसायचं. मेणबत्ती जवळ, मेणबत्ती लांब. वहीत आकडे. विचारलं तर म्हणते, बाष्पीभवन. छुट्टीत तरी शाळेचं डोक्यातून काढ म्हटलं. तगरीचं झाड अर्धं ओकंबोकं केलंय, अष्टमीला फुलं उरली म्हणजे मिळवली.

मध्येच विचारते, आत्या, तुझी बीपीची गोळी सकाळी कोण देणार? मी म्हटलं, माझे हात मोडले नाहीत. मग म्हणते, तू तीनदा विसरली होतीस, जानेवारीत. या पोरीला कुठल्या महिन्यात काय झालं सगळं पाठ.

१६ एप्रिल, मंगळवार. अष्टमी.

डावा आला.

सगळं रीतसर केलं. पहाटे देवीला न्हाऊ घातलं. शिखाही आंघोळ करून आली होती. एरवी तिला देवघरात ओढून न्यावं लागतं, आज स्वतःहून सगळी तयारी करत होती. समई नेहमी देवीच्या उजव्या हाताला असते. ती म्हणाली, आत्या, खिडकीतून वारा येतोय, ज्योत विझेल, आणि समई उचलून देवीच्या डाव्या बाजूला भिंतीच्या आडोशाला, अगदी मूर्तीजवळ ठेवली. मला कौतुक वाटलं. पाकळ्या मी लावल्या, प्रश्न मी विचारला. पोरीला पाठवू का?

सव्वा तास झाला. उन्हाळ्याचे दिवस, पाकळ्या वाळायला वेळ लागत नाही. डावी कडेनं सुटली, वळली आणि पडली. उजवी तशीच चिकटून.

शिखा माझ्याकडे बघत होती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, देवीची इच्छा. तिनं माझ्या कमरेला एवढी घट्ट मिठी मारली की माझा श्वास अडकला. म्हणाली, ठीक है आत्या, मी इथंच राहते.

आता जे कुणाला सांगता येणार नाही ते लिहिते. पाकळी पडली तेव्हा मला आनंद झाला. आधी आनंद झाला आणि मग पोरीचं वाईट वाटलं, याच क्रमानं. दुपारी श्रीखंड केलं. देवीला हात जोडून म्हटलं, तुझे उपकार. माझ्या मनातलं तुला कळलं.

१८ एप्रिल, गुरुवार

गुरुप्रसाद सरांना कळवलं. ते म्हणाले, “देवीला विचारलंत ते ठीक केलंत. शिखाला विचारलंत का?” मला राग आला. म्हटलं, सर, आमच्या घरची रीत तुम्हाला कळायची नाही. ते म्हणाले, बरोबर आहे. तरी मी शाळेकडून दहा मेपर्यंत मुदत मागून घेतो, नंतरच नाही म्हणा. फोन ठेवल्यावर मला वाटलं, त्या माणसावर ओरडायला नको होतं. त्याच्याइतकं पोरीसाठी कुणी केलेलं नाही.

शिखा खूश आहे. म्हणजे तसं दाखवते. माझ्या गोळ्यांसाठी तिनं खणांचा डबा आणला आहे, वारांची नावं लिहून.

३ मे, शुक्रवार

आज मला थोबाडीत बसली. हात कुणी उचलला नाही.

उन्हाळी शिबिरातून खो-खोच्या राज्य संघासाठी माझ्या तीन मुली निवडल्या गेल्या. त्यातली सर्वांत चपळ मुलगी टेम्पो चालवणाऱ्या दौलतसिंहची. तिला इंदूरला जायचंय, बाप सोडत नाही. हे मला नवं नाही. अठ्ठावीस वर्षांत मी अशा बापांशी भांडण्यातच अर्धी नोकरी केली. घरी जायचं, चहा प्यायचा, आणि पोरीला पाठवायला लावूनच उठायचं. माझा हा हातखंडा आहे, एक बाप सुटलेला नाही.

दौलतसिंहनं खुर्ची दिली, सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग अगदी नरमाईनं म्हणाला, “मॅडम, भेज तो दूँ। पर पंडितजी ने मना किया है। आपके घर भी तो देवी ने मना किया, आपने भी नहीं भेजी।”

टोमणा नव्हता. खरंच टोमणा नव्हता. तो मला आपल्यातली समजून बोलत होता, म्हणूनच जास्त लागलं. किला गेटवर बातमीला पाय फुटतात, त्याला काय करणार. त्याची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी सरबत पूर्ण न पिता उठले. पहिल्यांदाच हात हलवत परतले.

घरी आले तर शिखा गच्चीवर. हातात सीमंतिनीबाईंचं पाकीट. फोडलं होतं. पायऱ्यांवरून मला दिसलं, ती कागदाकडे बघून बोलत होती, एकटीच, आणि हात हलवत होती. मी आवाज न करता खाली आले.

८ मे, बुधवार

काल इलेक्शन ड्यूटी. दिवसभर बायकांच्या बोटांना शाई लावली आणि डोक्यात एकच घोळत राहिलं. रात्री घरी आले, झोप लागली नाही. सकाळी आंघोळ करून देवघरात बसले आणि जे बोलले ते इथं तसंच लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला पलटता येणार नाही.

म्हटलं, आई, एकोणिसाव्या वर्षी तू नको म्हणालीस, मी ऐकलं. कुणापाशी तक्रार केली नाही, तुझ्यापाशीसुद्धा नाही. पण अजून कुठल्या सामन्याला गेले आणि पतियाळाची कोच दिसली की मी तिच्या पायातले बूट बघत बसते. हे तुला माहीत आहे. माझ्या वाट्याचं ऐकून झालं. तिच्या वाट्याचं मी ऐकणार नाही. या वेळी तुझा शब्द मोडते. कोप करायचा तर माझ्यावर कर, पोरीच्या केसाला धक्का लावू नकोस. एवढं बोलून उठले.

मग शिखाला उठवून सांगितलं की तू जातेयस. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, “आत्या, तू देवीच्या विरुद्ध जाणार? माझ्यासाठी?”

मी म्हटलं, हो.

ती रडायलाच लागली. अशी रडताना मी तिला तिची आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. रडता रडता म्हणाली, आत्या, ऐक ना, ते फूल, ती समई मी… मी तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हटलं, फुलाचं नाव काढायचं नाही. ते माझं आणि देवीचं आहे, आम्ही बघून घेऊ. तू फक्त सांग, तुला जायचंय का? खरं सांग. तिनं मान हलवली. हो. एवढंच मला आधी विचारायला हवं होतं.

नंतर ती कितीतरी वेळ देवघरात बसून होती, कान धरून. माझ्या वतीनं माफी मागत असणार. काय पुण्य केलं होतं मी म्हणून हे लेकरू मला मिळालं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “मी होकाराचं पत्र लिहूनच ठेवलंय, तुम्ही फक्त सही करा.” मग दौलतसिंहकडे गेले. त्याला म्हटलं, मी पाठवतेय, आता तू बोल. तो डोकं खाजवत राहिला. इंदूरला पोर जातेय.

१२ जून, बुधवार

कोप सुरू झाला आहे. सोमवारी माझा घोटा मुरगळला. काल माकडानं शिखाची नवी चादर गच्चीवरून नेली. आज कुकरमधून फुस्स करून सगळं वरण छताला. मी शिखाला काही बोलले नाही, पण तिनं माझं तोंड ओळखलं. स्टुलावर चढून छत पुसता पुसता म्हणाली, “आत्या, गॅस्केट सहा वर्षं जुनं होतं. कोप नहीं है, रबर है.” तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. या वयातल्या पोरींचं काही सांगता येत नाही.

तिनं जायच्या आधी सुमनताईंशी ठरवून टाकलं आहे की रोज सकाळी त्या चहाला आमच्याकडे येणार आणि माझी गोळी बघणार. मला न विचारता. हेमेंद्रही पंधरा दिवसांच्या रजेवर येतोय, तिला सोडून आल्यावर मी एकटी नको म्हणून. तेही हिनंच कळवलं होतं. माझी फौज माझ्यामागं कुणी उभी केली, आता कळलं.

२३ जून, रविवार. परतीची गाडी.

सोडून आले. पलंग खिडकीजवळचा मिळाला, कडी मी स्वतः दोनदा लावून पाहिली. शेजारच्या पलंगावर नागालँडची मुलगी आहे, आमच्या शिखासारखीच गप्प. सीमंतिनीबाई फाटकापर्यंत आल्या, माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, अशी मुलगी घडवलीत, आभारी आहे. मी काय घडवलं? मी नुसती शिटी वाजवली.

फाटकाशी शिखा माझ्याजवळ आली. मी मनात म्हटलं, रडायचं नाही, तुला अठ्ठावीस वर्षं मुली बघतायत. तिनं माझ्या साडीचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा, आणि हळू म्हणाली,

“आत्या, देवी तुझ्यावर रागावलेली नाही. तिनं नाही म्हटलंच नव्हतं. मला पक्कं माहीत आहे.”

मी म्हटलं, “तुला गं काय माहीत?”

ती म्हणाली, “है मालूम. दिवाळीला घरी येईन तेव्हा सगळं सांगते. तोवर तू घाबरू नकोस.”

चौदा वर्षांची पोर, स्वतःचं पहिलं लांबचं पाऊल टाकायच्या दिवशी मला धीर देत होती. माझं देवाशी झालेलं भांडण तिच्या मनाला लागलंय आणि मी पुन्हा निवांत झोपावं म्हणून ती काहीतरी गोड सांगतेय. मी तिचा मुका घेतला आणि म्हटलं, बरं बाई, नव्हतं म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून.

मनमाड गेलं. डब्यात समोरच्या बाईनं विचारलं, मुलीला सोडून आलात का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, धाडसाचं काम. मला वाटलं, हे धाडस कुणी माझ्यासाठी केलं असतं तर. मग स्वतःचीच लाज वाटली. बाबांनी कौलाचं ऐकलं, त्यांचा काय दोष.

३० जून, रविवार

सकाळी देवीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आठ दिवस मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, आज पाहिलं. हेमेंद्र मागं उभा होता, म्हणाला, ताई, तुला वाटतं तेवढी ती कडक नाहीये. भावालाही आज मला समजवायचं होतं.

संध्याकाळी शिखाचा फोन आला. दहा मिनिटं मिळतात. मी जेवण, झोप, पाणी, सगळं विचारायला कागदावर लिहून ठेवलं होतं, पण ती विचारू देईना. एक गणित आहे, तीन दिवस झाले, सुटत नाही. नागालँडच्या मुलीला अर्धं सुटलंय, हिला तेवढंही नाही. हे सांगताना नुसती हसत होती, श्वास लागला होता. म्हणाली, “आत्या, मला इथं कुणीतरी हरवतंय. पहली बार.”

एवढी वर्षं मैदानात काढली, तो आवाज मी ओळखते. खेळाडूला पहिल्यांदा बरोबरीचा गडी भेटला की तो असा बोलतो. आमच्या घरात राहून तिला हा आवाज कधी सापडला नसता, मी कितीही माया केली असती तरी.

फोन ठेवून तशीच देवघरात गेले. मागायला काही उरलं नव्हतं. हात जोडून म्हटलं, आई, तुझा शब्द मोडला तरी तू पोरीला एवढं दिलंस.